शेगडी पेटवण्याआधी वाचायचं मृत्युपत्र

मी, या घराची मालकीण, वय झालेली पण डोकं ठिकाणावर असलेली, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. दुसरीपर्यंतच शिकले, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. कोणी मला धाक घातलेला नाही, कोणी गोडही बोललेलं नाही. शुद्धीत असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. याच डॉक्टरने माझ्या मुलाला सांगितलं की या वयात नसलेले वास येतात. म्हणजे घर वाटायला मी शहाणी, आणि गॅस गळतोय हे सांगायला म्हातारी.

कलम एक. घर मुलाला, उभं राहिलं तर.

स्वयंपाकघरात गॅसचा वास येतो. मी सारखी रेग्युलेटर बंद करायचे, म्हणून सुनेने दाराला वरची कडी घातली. तिथे माझा हात पोचत नाही. मेकॅनिकला बोलावलं, तर मुलाने फोन करून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. वर मला म्हणाला, "आई, आम्हा तिघांना वास येत नाही, मग तुला एकटीलाच कसा येतो?"

ते तिघं कसे ते लिहिते. मुलाने हुंगलं. तो गाड्यांना रंग मारतो, दूध करपलं तरी त्याला कळत नाही. सुनेने हुंगलं नाही, नवऱ्याला विचारलं. नातीने आईला विचारलं. म्हणजे मतं तीन आणि नाक एकच, तेही मेलेलं.

कलम दोन. बांगड्या सुनेला. मला तोंडावर भ्रमिष्ट म्हणाली, तरी तिलाच. माझ्या थोरल्या जावेला काही नाही. का, ते तिला विचारा.

कलम तीन. शिलाई मशीन नातीला. नवरा गेल्यावर दुसऱ्यांच्या पोरांचे गणवेश या मशीनवर शिवून मी हे घर घेतलं. पोर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून झोपते. तिने मोठं होऊन ते चालवावं, एवढ्यासाठीच हा सगळा कागद. मी मुलाच्या पाया पडले. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

मी चुकत नाही असं नाही. मागे जळका वास येतो म्हणून सगळ्यांना जिन्यात उभं केलं, काही निघालं नाही. या वेळी पडताळून बघितलं. गच्चीवर गेले, वास गेला. बाजारात नाही. दारातून आत पाऊल टाकलं, की आला. डोक्यातला असता तर माझ्याबरोबर हिंडला असता. तरीही मी चुकत असेन, तर मेकॅनिकची एक फेरी फुकट जाईल. ते चुकत असतील, तर वरची तिन्ही कलमं खोडून टाका.

कलम शेवटचं. हा कागद माझ्या पश्चात उघडू नये. आजच, सून कामावरून येऊन शेगडी पेटवायच्या आत, मोठ्याने वाचावा. जिवंत बाईचं कोणी ऐकत नाही, मेलेल्या माणसाच्या कागदापुढे मात्र सगळे गप्प बसतात. तर आज संध्याकाळपुरती मला मेलेली समजा. पण ऐका.

सही: घरमालकीण, म्हणजे आजी
ठिकाण: स्वयंपाकघराच्या बंद दाराबाहेर
तारीख: आजची, ऊन उतरायच्या आत

साक्षीदार, खालच्या मजल्यावरची नर्स: आजींनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. मला सर्दी आहे, त्यामुळे वासाबद्दल काही लिहीत नाही.

साक्षीदार, समोरचा कुलूपवाला: सही माझ्यासमोर झाली. मला वास आला नाही. तरी कडी काढली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. मेकॅनिकला पुन्हा बोलावलंय, तो येईपर्यंत दारात बसून आहे.