अंतराळ स्थानकाला टांगलेला मेहुणा

ठाकूरद्वार, मुंबई

तीर्थस्वरूप हितेंद्रराव भावोजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे पुष्करचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात मोकळे असणं किती भाग्याचं, हे मला परवा कळलं.) चिपळूणला सगळे बरे ना? सुनेत्राताईचा खोकला थांबला का? आम्ही इथं जिवंत आहोत. फोनच करणार होतो, पण बोलायला लागलो की माझा आवाज अजून कापतो, आणि ताई उगाच घाबरेल.

यंदा आमच्या वाडीच्या गणपतीचा देखावा म्हणजे अंतराळ स्थानक. मांडवात प्लॅस्टरची भलीमोठी पृथ्वी आणि तिच्याभोवती लोखंडी दांड्याला लटकून फिरणारं स्थानक. कल्पना इरावतीची. (आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बोलायला गोड, म्हणूनच धोकादायक.) मी आपलं सहज विचारलं, इतक्या उंचावर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून ते तरंगतं ना?

"नाही हो काका. तिथंही जवळजवळ इथल्याइतकंच असतं. ते तरंगत नाही, सतत पडत असतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "पडतंय? कुणाच्या अंगावर?"

"कुणाच्याच नाही. ते आडवं इतक्या वेगात धावतं, की जेवढं खाली येतं तेवढीच गोल पृथ्वीही खालून वळत जाते. जमीन गाठायचं राहूनच जातं."

भावोजी, विचार करा. आत माणसं बसलेली एवढी अवाढव्य वस्तू तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटरनं पडते आहे, आणि आपण खाली निवांत कपडे वाळत घालतो! मी गॅलरीत जाणंच सोडलं. अशा मनःस्थितीत असताना मंडळानं अंतराळवीर म्हणून मलाच निवडलं, कारण भाड्यानं आणलेला पोशाख फक्त मला बसत होता. मी नाही म्हणण्याआधीच नम्रतेनं होकार दिला. (नम्रता म्हणजे आमची ही, गुण नव्हे.)

परवा तालीम झाली. रे रोडहून आलेल्या रामू वेल्डरनं मला पट्ट्यांनी बांधलं, "काय नाय होत, शेठ" म्हणाला आणि मोटर सुरू केली. मी स्थानकाच्या शेपटाला लोंबकळत पृथ्वीला फेऱ्या मारू लागलो. खाली आफ्रिका येई, मग समुद्र, मग नम्रता, मग पुन्हा आफ्रिका. "थांबवा!" म्हणून ओरडलो, पण हेल्मेटबाहेर आवाज जाईना. हातपाय झाडले, तर खाली टाळ्या पडल्या. काय हुबेहूब करतोय म्हणाले!

आणि वीज गेली. मी बरोबर समुद्रावर थांबलो. अंधार, घाम, आणि पट्टा कुरकुरतोय. इरावतीनं खाली तेवढ्यात टॉर्च लावून मुलांना शिकवायला घेतलं. म्हणाली, "खरं स्थानक असं थांबत नाही, कारण त्याला फिरत ठेवायला मोटर लागतच नाही. पण तिथंही अगदी विरळ हवा असते, तिच्या घर्षणानं ते हळूहळू खाली येतं. मग अधूनमधून इंजिन लावून पुन्हा वर उचलतात."

'हळूहळू खाली येतं' हे शब्द आणि माझा पट्टा एकदमच सुटले. वीतभरच सरकलो असेन, पण भावोजी, त्या वीतभरात मला आई आठवली, कुलदैवत आठवलं, तुम्हीसुद्धा आठवलात. रामूनं शिडी लावली. मी त्याच्या गळ्याला जी मिठी मारली ती जमिनीवर आल्यावरही सोडवेना. शेवटी नम्रतेनं एकेक बोट सोडवलं. ती हसली नाही. हेल्मेट काढून नुसता माझा चेहरा पुसत राहिली, कोरडा झाल्यावरही. तेव्हा कळलं, मी भित्रा नव्हतो. प्रकरण खरोखरच जिवावरचं होतं. त्या दांड्याला पुन्हा लटकणार नाही, हे मी मंडळाला निक्षून सांगितलं आहे.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
पुष्कर

ता. क. : मंडळ म्हणालं, बदली माणूस द्या. मी तुमचं नाव दिलं. घाबरण्यासारखं खरंच काही नाही. पट्टा नवीन आणलाय, वरून मांडव फार सुंदर दिसतो. चतुर्थीच्या आधी दोन दिवस या.

ता. क. २ : हे पत्र ताईपासून लपवू नका. पोशाख कमरेत सैल करायला तुमचं माप तिनंच कळवलं.