शेजारणीची शेगडी

आई, तुझ्याशी भांडायचं आहे आणि तू हाताशी नाहीस. बोईसरला आमच्या भिंतीला भिंत लागून एक झारखंडची बाई राहते. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली तसा तो गावाकडच्या कोळशाच्या खाणीत परत गेला, ती इथे माझ्या कंपनीत माझ्यासोबत पॅकिंगला राहिली. गेल्या आठवड्यात त्या खाणीत पाणी शिरलं. तो आत आहे, एवढंच तिला कळलं. मी पिठलं-भाकरीचा डबा भरायला घेतला आणि तू आठवलीस.

तेव्हा आपण चंद्रपूरकडे, खाणीच्या वसाहतीत. खाणीचं छत कोसळून समोरच्या घरातले काका खाली अडकलेत, मी भाताचं पातेलं घेऊन निघाले आहे, आणि तू मला दारातच अडवतेस. "कडू घास नेतं काय वं त्याइच्या घरी? मानूस जित्ता हाये अजून." माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी न्यायचं ते जेवण मी काका जिवंत असतानाच घेऊन निघाले होते. तू स्वतः गेलीस, काकूंना चूल पेटवायला लावलीस, काकांच्या वाटणीचंही शिजवून घेतलंस. काकांना बाहेर काढलं ते चादरीत. पुढे कितीतरी दिवस काकू तुझ्याशी बोलल्या नाहीत. तुझ्या त्या चुलीनेच त्यांना जास्त मारलं, असं मला अजून वाटतं.

तरी मी तुझंच केलं. कामावरून आले की तिच्या शेगडीपाशी बसायचं, तिला कणीक मळायला लावायचं. घरमालकीण इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमची, तिने मासळी आणून दिली. "रडायला लय दिवस हाय. आदी खा तू," म्हणाली. काल संध्याकाळी पोळ्या चालू असताना शेजारणीच्या दिराचा फोन मला आला. भाभीला तुम्हीच सांगा, म्हणाला आणि रडायला लागला. मी आत आले. "किसका फोन था, दीदी?" मी म्हटलं, कंपनीतून. ती जेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा धड जेवली. मग सांगितलं.

आता चाळीत सगळे म्हणतात, बाईने शहाणपण केलं, आधी दोन घास पोटात जाऊ दिले. मीही मान हलवते. आई, तसं काही नव्हतं. माझी जीभच रेटेना, म्हणून मी तिला आणखी एक पोळी वाढली.