मागच्या खोलीतली गाडी आणि माझं बाकीचं सगळं

मी खाली सही करणारी, घरात आणि गल्लीत घुमी म्हणून ओळखली जाणारी, वय अठरा पूर्ण, शिक्षण नववी अर्धी, डोकं ठिकाणावर आणि हात ग्रीसने भरलेले असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. इथे 'माझ्यावर कुणाचा दबाव नाही' असं लिहायचं असतं म्हणे. माझ्यावर आहे. मोठ्या काकांचा आहे. त्यालाच उत्तर म्हणून लिहिते आहे.

आज दुपारी जेवताना काका आईला म्हणाले, "मागच्या खोलीत भाडेकरू ठेवायचाय. उद्या सकाळी भंगारवाला येतोय, तो खटारा घेऊन जाईल."

मी म्हणाले, "नाही."

एवढंच म्हणाले. पण जेवताना मी बोलले म्हणून काकूंच्या हातातला डाव खाली पडला.

"नाही म्हणजे काय?" काका म्हणाले.

"चालू होते ती."

"चालू होते म्हणे! दुकानात जाऊन साबण मागता येत नाही हिला, आणि गाडी चालवणार! बरं, चालव. भंगारवाला यायच्या आत टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत ये. आलीस तर ठेव तुझी गाडी, मी पुन्हा नाव काढणार नाही. पण आधी लिहून दे. हातपाय मोडले, जीव गेला, तर आम्ही जबाबदार नाही."

लिहून देते. त्यांना एक ओळ हवी होती. माझं एका ओळीत मावत नाही. तोंडाने बोलत नाही म्हणून आत काही नसतं असं थोडंच आहे.

पहिलं. मोटरसायकल.

ही गाडी आईची. लग्न होऊन आई या घरी आली ती हीच चालवत, आणि मागे बाबा ट्रंक धरून बसलेले. गल्ली खूप दिवस हसत होती, आणि सगळ्यांत जास्त बाबा हसायचे. बाबा गेल्यावर काका म्हणाले, आता कशाला गाडी. आईने काही न बोलता ताडपत्री टाकली. पुढे मी शाळा सोडली आणि ती ताडपत्री काढली.

तेव्हा इंजिन जाम होतं. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता, मी घराला चिकटून बसले होते तसा. प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि वाट बघितली. वाट बघणं मला जमतं. रोज किकवर हात ठेवून दाबायचे, आणि एक दिवस ती केसभर हलली. मी तिथेच फरशीवर बसले आणि एकटीच हसले. पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. तिच्यात खडी आणि व्हिनेगर घालून, जुन्या चादरीत गुंडाळून मी ती हलवत बसायचे. एकदा पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघते तर आई टाकी मांडीवर घेऊन हलवतेय, तोंडाने चाललंय, "काय ही खडखड, डोकं उठलं माझं." मी दारामागेच थांबले. तिला बराच वेळ हलवू दिली.

ही गाडी मी आईला देते.

(वरची ओळ रद्द. कारण शेवटी लिहिलंय.)

दुसरं. हत्यारं.

पाने, पक्कड आणि हातोडी माझी. ती जो कोणी वापरून, पुसून, जागेवर ठेवेल त्याची. म्हणजे आमच्या घरात कोणाचीच नाहीत. वॉल्व्ह घासायची काठी आणि मोठा पाना कोपऱ्यावरच्या लेथवाल्यांचा, दोन्ही त्यांना परत. चाकातला बुश, म्हणजे आसावर बसणारी कडी, त्यांनीच कातून दिला. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्यांच्या दारात नुसती उभी, हातात झिजलेला बुश. ते मशीन बंद करून म्हणाले, "बोल की पोरी. का त्या गाडीसारखी तुलाही किक मारायला लागते?" मी घाबरून पळाले. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि बोलले. ते दोन शब्दच होते, पण मोठ्याने.

इंजिनाच्या झाकणाखालचं गॅस्केट मी भूगोलाच्या वहीच्या पुठ्ठ्यातून कापलंय. तेल गळत नाही. भूगोलाचा मला झालेला उपयोग एवढाच, पण पक्का झाला.

तिसरं. माझा आवाज.

हा मी शाळेतल्या वर्गबाईंना देते. त्यांना तो फार हवा होता. "मोठ्याने वाच. अजून मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे." सगळा वर्ग खिदळेपर्यंत मला उभी ठेवायच्या. एक दिवस मी दप्तर उचललं आणि परत गेले नाही. बाई, पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता शाळेच्या भिंतीला लागूनच जातो. सायलेन्सरला भोक आहे. लेथवाले वेल्डिंग करून देतो म्हणाले, मी म्हटलं, उद्या संध्याकाळी. आधी नको. मागच्या बाकापर्यंत येतो का आवाज, ते कळवा.

चौथं. मोठे काका.

काकांना मी एक माहिती देते. डाव्या मुठीजवळ एक छोटा खटका आहे. किक मारायच्या आधी तो मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडते. तो पुढेच राहिला तर ठिणगी लवकर पडते, पिस्टन उलटा फिरतो आणि किक पायावर लाथ घालते. बाबा गेले त्याच वर्षी काकांनी ही गाडी आपल्यासाठी घ्यायची ठरवली, चार शेजारी जमवले आणि खटक्याकडे न बघता जोरात किक मारली. घोटा गेला. थंडीत ते अजून लंगडतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की गाडी खुनशी आहे. गाडी खुनशी नाही, काका. तिने फक्त उत्तर दिलं. ही माहिती तुमची झाली, परत करायची गरज नाही.

त्यांच्या भाडेकरूला मागच्या खोलीतला तेलाचा डाग. तो जाणार नाही. मी प्रयत्न केलेला नाही.

पाचवं. गाडी जोडून झाल्यावर तीन बोल्ट उरले. ते कुठले हे मला अजून कळलेलं नाही. डब्यात आहेत. मी पडलेच तर आधी तो डबा बघा, कदाचित कळेल.

सूचना.

गाडी वाटेत बंद पडली तर दोर घेऊन कोणी यायचं नाही. मी ढकलत आणीन. पडले आणि वाचले, तर "सांगितलं होतं" असं कोणी म्हणायचं नाही. पडले आणि नाही वाचले, तर खुशाल म्हणा, मी ऐकायला नसेन. पण "बिचारी" म्हणायचं नाही. मी बिचारी नाही. मी इंजिन खोललंय आणि परत बंद केलंय.

इथपर्यंत लिहून मी लेथवाल्यांना दुकानातून बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं, बोल्टांपाशी थांबले आणि म्हणाले, "दोन साक्षीदार लागतात. एक मी." तेवढ्यात आई दारात आली.

"काय वाचताय?"

त्यांनी कागद तिच्या हातात दिला. आई उभ्यानेच वाचत होती. खटक्यापाशी आली आणि तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"गाडीच्या पुस्तकात आहे."

"मी तिथेच उभी होते गं. कपडे वाळत घालत. खटका पुढे आहे हे मला तिथून दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुठे विचारलं त्यांनी?"

घुमी कोणावर गेली म्हणून गल्ली विचारते. आज मला कळलं.

मग तिने पहिलं कलम पुन्हा वाचलं आणि लेथवाल्यांना म्हणाली, "दुसरी सही मी करते."

"तुमची चालणार नाही वहिनी. ज्याला काही मिळतंय त्याला साक्षीदार होता येत नाही. गाडी तुम्हाला दिलीय तिने."

"खोड ते."

"आई, मग गाडी कोणाला?"

"कोणालाच नाही. तू परत आणायचीस." माझ्याच हातातलं पेन घेऊन तिने ती ओळ दाखवली आणि पेन-कागद माझ्याकडे सरकवले. "खोड म्हटलं ना. आणि उतारावर क्लच दाबून सोडून देऊ नकोस, दुसऱ्या गिअरमध्येच ठेव. टाकीच्या वळणावर वाळू असते. तेव्हाही असायची."

मी ओळ खोडली. म्हणून गाडी या मृत्युपत्रात कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. ती मला परत आणावी लागेल. काकांनी भंगारवाल्याला चहा पाजून ठेवावा आणि वाट बघावी. मला जमतं, त्यांनाही जमेल.

ठिकाण: मागची खोली, जी अजून माझी आहे.
तारीख: भंगारवाला यायचा त्याच्या आदल्या दिवशी, ऊन असताना.

सही: घुमी

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे लेथवाले. पाना त्यांचाच होता, म्हणून तो मिळाला असं धरू नये.

साक्षीदार दुसरी: आई. हिला या कागदाने काहीही मिळत नाही, म्हणून हिची सही चालते.