सायकलवर टांगलेले कोट

३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोन कापतोस ना? मग घे पत्र. कात्री तुझ्याकडे आहेच, हेही काप!

मामी म्हणाली, व्यायामाच्या सायकलवर तू गिऱ्हाइकांचे कोट टांगलेस. डोकं फिरलंय माझं! हार्ट अटॅक येऊन गेला, डॉक्टरांनी तपासून रोज व्यायाम करायला सांगितलं, आणि तू म्हणतोस, दिवसभर शिलाई मशीन चालवतो, तोच व्यायाम? मोटर आहे त्याला! तू नुसता पाय टेकवतोस.

फिजिओथेरपी शिकतेय, म्हणून पुन्हा सांगते. थोडा दम लागेल असं चाललं की रक्त जोरात वाहतं, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर कामाला लागतं आणि वाहिनी सैल होते. अस्तर आखडलं की कोटाचं काय होतं, ते मी तुला सांगू?

राग आहेच, पण लोभही कुठे जात नाही.
तुझी भाची

९ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

शिंप्याला अस्तर शिकवतेस? शहाणीच आहेस! तुझी मामी मला उठू देत नाही, तू बसू देत नाहीस. मी माणूस आहे की तुझं प्रॅक्टिकल?

बसलो होतो त्या सायकलवर. छाती धडधडायला लागली. त्या दिवशी दुकानात अशीच धडधडली आणि मग मी जमिनीवर होतो. ही धडधड कुठली आणि ती कुठली, तुझ्या पुस्तकात आहे? नसेल तर उपदेश पुरे. मामीला यातलं काही सांगू नकोस.

आशीर्वाद रागात अडवून ठेवू नयेत, म्हणून देतो.
मामा

१३ जून

ती. मामास,
सा. न.

आता तर जास्तच चिडलेय. हे आधी बोलायचं की नाही? डॉक्टरांना सांग. मामीलाही तूच सांग. छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, गरगरलं, तर तिथल्या तिथे थांबून मदत मागायची. डॉक्टर हो म्हणाले की चाल, पण एकटा नको. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं म्हणजे वेग बरोबर. विषय नसेल तर मला शिव्या घाल!

रागावूनसुद्धा तुझीच,
भाची

२० जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, चाला म्हणाले. मामी आधी रडली, मग तुझ्याहून मोठ्यांदा ओरडली, मग चपला घालून दारात उभी राहिली. नाक्यापर्यंत तुझा उद्धार करत गेलो. आगाऊ, तोंडाळ, आजोळी लाडावलेली. इस्त्रीवाला बाहेर येऊन बघायला लागला. तेवढ्यात धडधडलं. भ्यालो. मामीचा हात धरला, पण वाक्य पुरं केलं.

उद्याला शिव्या कमी पडतायत. चार नव्या पाठव.

अजून चिडलेला,
मामा