जावईबापूंचा रस्ता आणि आमचा ओटा

श्री. यशोधनराव जावईबापू यांस सासऱ्याचा नमस्कार आणि आशीर्वाद (जावयाला यातलं नेमकं काय करायचं असतं कोण जाणे, दोन्ही घ्या). तुम्ही आणि चि. तन्वी पुण्यात मजेत असाल. इथे मी बरा आहे. आमच्या हिचे, इंदुमतीचे, गुडघे तेवढे तुमच्या रस्त्यावर नाराज आहेत.

हो, तुमच्याच. कृष्णपुऱ्यामागची ही आमची जुनी गल्ली तुम्ही कागदावर काय सुरेख केलीत! फुटपाथ रुंद, गाड्या हळू आणि मधून छोटी बस. फक्त घरांचे ओटे तेवढे तोडायचे. मीटिंगमध्ये शेजारचे दौलतराव म्हणाले, "काकाजी, जावई आपके, तो पहले आप." आता जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा? लोक अधिकमासात जावयाला चांदीचं ताट देतात, मी, भिया (तुमच्या पुण्यात 'भाऊ' म्हणतात ते), ओटा देऊन टाकला! उभा राहून तोडून घेतला, वर मजुरांसाठी पोहे-जलेबी मागवली. ती सगळ्या गल्लीने खाल्ली, माझी पाठ थोपटली आणि पुढच्याच आठवड्यात कोर्टातून स्टे आणला.

तर आता गल्लीत सगळ्यांचे ओटे आहेत, आमचा नाही. बस गल्लीच्या तोंडाशीच अडकायची, म्हणून तिने इकडे यायचं सोडलं. गाड्या हळू व्हाव्यात म्हणून तुम्ही मांडलेल्या झाडांच्या गमल्यांच्या आड दौलतरावांची कार आरामात उभी असते (तेवढी एक गाडी खरंच हळू झाली). ओट्याबरोबर आमच्या पायऱ्याही गेल्या, दार रस्त्यापासून कमरेइतकं वर लटकतंय. मी स्टुलावरून उतरतो. इंदुमतीला नाही जमत. बसने राऊ गावी बहिणीकडे, यमुनाताईकडे, जाईन म्हणून तिने नवी साडी काढून ठेवली होती. साडी खुर्चीवर तशीच आहे आणि ही दिवसभर खिडकीत. फार संताप येतो हो. अन् जावयावर ओरडायची सोय नाही, त्याचा आणखी वेगळा.

बाकी सगळं आपल्या कृपेनेच चाललंय.

आपला,
अच्युत

ता. क. : दोन पायऱ्या बांधायला गेलो तर ऑफिसवाले म्हणतात, नव्या फुटपाथवर पायरी चालणार नाही, डिझाइनवाल्या साहेबांना विचारा. तर विचारतो. साहेब, दोन पायऱ्या द्या.

ता. क. दुसरा : इंदुमती म्हणते, पायऱ्यांचं लिहू नका, जावयाला वाईट वाटेल. त्यापेक्षा अधिकमासात दोघांना धोंड्याच्या जेवणाला बोलवा. तर या. भाकरतुकडा ओवाळायला ती दारात उभी असेल, खाली काही येणार नाही. स्टुलावर चढायची घाई करू नका. घटकाभर रस्त्यावरच उभे राहून तिच्याकडे वर बघा.