चार बोटांचा पाटा

सिंदेवाही, ४ जानेवारी १९५५

मंजुळेचं मनगट काही धड होत नाही. विहिरीवर पडली त्याला चार महिने झाले. वैद्य म्हणतो हाड जुळलं. जुळलं असेल, पण आज वरवंटा हातातून सुटला, पाय थोडक्यात वाचला. आसपासच्या वीस गावांचा धान माझी गिरणी भरडते नि माझ्याच घरी चटणी वाटायला हात नाही. जुना पाटा मधोमध खोल गेलाय, जोर फार लागतो. म्हटलं वाटायला एखादी बाई ठेवू. तर म्हणे, "माह्या चुलीपाशी दुसरी बाई नोको."

९ जाने.

नागपूरहून लोखंडी यंत्र मागवलं होतं, आलं. टेबलाला आवळायचं, वरून जिन्नस टाकायचा, दांडा फिरवायचा. घरात टेबल नाही. गिरणीतलं स्टूल आणून त्याला आवळलं. भिजवलेली उडदाची डाळ टाकली. निघाली बारीक, पण काळपट, नि वास खिळ्याचा. आणि दांडा फिरवायला तेच मनगट लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मंजुळा हसली. "यंत्रालेही हातच लागते नं जी." मीही हसलो. यंत्र माळ्यावर.

१६ जाने.

बाजार. पाथरवट गणपतकडे तीन पाटे मांडलेले. मी हमाली केली तेव्हापासून कानावरच जगलो. इंजिनाचं बेअरिंग गेलं हे मिस्त्रीच्या आधी मला कळतं. गिरणीच्या किल्लीनं तिन्ही वाजवून पाहिले. पहिला बद्द, आत भेग. दुसरा कोरडा. तिसरा काळा, आडवी एक पांढरी शीर. वाजला नि वाजतच राहिला. तोंड मिटून कोणी गुणगुणावं तसा. बरोबर चार बोटं जाड, माझी स्वतःची. कुठला विचारलं. म्हणाला नव्या रस्त्याच्या बाजूचा, "उभाच होता जी. कोनाचा नोयता." घेतला.

१९ जाने.

कान खोटा नाही निघाला. आज मंजुळेनं पहिल्यांदा त्यावर अंबाडी वाटली. मनगट दुखलं नाही. म्हणते हात आपोआप जातो, धरून नेल्यासारखा. मी दोनदा भात घेतला. चार महिन्यांत ती इतकी बोलली नव्हती.

२७ जाने.

दुपारी पट्टा तुटला, इंजिन बंद. त्या शांततेत घरातून वाटण्याचा आवाज. घर गिरणीच्या मागंच. पाणी प्यायला गेलो तर मंजुळा विहिरीवरून येत होती, डोक्यावर पाण्याची गुंडी. पडवीत कोणी नाही. वरवंटा हाताला कोमट लागला. उन्हानं असेल म्हटलं.

पडवीत ऊन येत नाही.

२ फेब्रुवारी

आज मुद्दाम जवळ बसलो, नुसता ऐकत. बाई वाटते तेव्हा वरवंटा जाताना जड वाजतो, येताना हलका. मंजुळेचं वाटणं तर मी डोळे मिटूनही ओळखेन. आता दोन्हीकडून जड. समोर बसून कोणी ओढून घेतंय असा. म्हटलं, हा काय प्रकार? तिनं मान वर केली नाही.

"मी एकटी कुठी वाटून राह्यली."

उठताना दिसलं, पाट्यापलीकडे बसायचा दुसरा पिढा मांडलेला आहे. पुसलेला.

८ फेब्रु.

चैतू धान घेऊन आला. माडिया माणूस, दोन दिवसांची वाट तुडवून महिन्याकाठी येतो, आला की हसवतो. आज गप्प. विचारलं तर म्हणाला, माय हरवली. त्याची माय मेली त्याला तीन वर्षं झाली हे मला ठाऊक होतं, म्हणून बघत राहिलो. मग नीट सांगितलं. मेलेल्या माणसाच्या नावानं ते लोक रस्त्याकडेला दगड उभा करतात. नुसता दगड, कोरीव काही नाही. दरसाल बोटांनी मोजतात. वाढला तर माणूस खुशीत. खचला तर घराला भारी. यंदा मोजायला गेला तर जागेवर खड्डा.

"कसा होता?" मी विचारलं. गरज नव्हती.

"काळा. आडवी पांढरी शीर."

चौकशी करतो म्हणालो. याच तोंडानं. इंजिन एवढं धडधडत होतं, तरी त्याचा एक शब्द सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं.

आणि गणपतचं ते "उभाच होता". दगड आपला आपण कधी उभा राहतो का? त्या दिवशी किल्लीचा आवाज ऐकत बसलो, माणसाचं बोलणं ऐकलं नाही.

९ फेब्रु.

पाटा मोजला. पाच बोटं.

परत मोजला. बोटं माझीच. पाच.

वापरानं पाटा झिजतो. टाकीचे घाव महिन्यात बोथट होतात. याचे परवा मारल्यासारखे ताजे आहेत.

१० फेब्रु.

मंजुळेला सांगायला गेलो. अर्ध्यावर म्हणाली, ठाऊक आहे. माय कोणाची ते नव्हतं ठाऊक, कोणीतरी आहे हे पहिल्या दिवसापासून. भ्याली नाहीस का विचारलं. म्हणते, भ्यायला काय, ती काही मागत नाही. मग उजव्या हातानं लोटा उचलून दाखवायला गेली. उचलला नाही. पाट्यापासून दूर तिचा हात होता तसाच आहे. हे मला आजच कळलं.

मी म्हटलं, चैतूला कळलंच पाहिजे असं नाही. पाथरवटाचं तोंड मी बंद ठेवीन, तुझा हात तरी...

"त्याची माय हाय. सांगा त्याले." मग लोटा डाव्या हातात घेत, "पन मंग इथी वाढली काऊन?"

१४ फेब्रु.

निरोप धाडला होता, चैतू आला. सांगितलं सगळं, लपवलेले दिवससुद्धा. चार शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यानं फक्त पाहू का विचारलं. पडवीत गेला, पाट्यावर तळवा ठेवून पुष्कळ वेळ बसला. मग मोजलं. त्याची बोटं माझ्याहून जाड. तरी पाच.

मंजुळेनं भात नि अंबाडीची चटणी वाढली. पहिल्या घासाला त्याचा हात थांबला. मंजुळेकडे पाहिलं, मग समोरच्या रिकाम्या पिढ्याकडे. सगळं जेवला. ताट निपटून ठेवलं.

"शेठ, आमच्या इथी तीन सालात बोटभर नाई वाढली. तुमच्या घरी एका महिन्यात वाढली."

मंजुळा म्हणाली, ने भाऊ, तुझीच आहे. म्हणताना डावा हात उजव्या मनगटावर.

त्यानं मान हलवली. "तिलेच इचारू."

१९ फेब्रु.

चैतू सकाळीच गावाहून बैलगाडी घेऊन आला. पाट्यावर काशाची वाटी ठेवली, पाणी भरून. त्यात तांदळाचे दोन दाणे अलगद तरंगत सोडले, दोन काठांशी दोन. गिरणीचे चालत नाहीत, घरून उखळात सडलेले आणले होते. वर टोपली पालथी घातली. ऊन ओसरीच्या खांबाला लागलं की टोपली काढायची. दाणे जवळ आलेले असले तर ती इथं राहणार. दूरच असले तर गाडीत.

तिघं ओसरीवर. मी हे लिहितोय, हात रिकामा ठेववत नाही म्हणून. चैतूनं बैल सोडलेले नाहीत. त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडावरून कळत नाही. मला काय हवंय ते मी इथंही लिहिणार नाही. मंजुळेनं सकाळीच डाळ भिजत घातली आहे.

गिरणी बंद. कान लावून बसलोय. बैलांच्या घंटाही वाजत नाहीत. पडवीतून काहीच नाही, कोणी श्वास धरून बसावं तसं.

ऊन खांबाला लागलं. चैतू माझ्याकडे बघतो, मी चैतूकडे. कोणी उठत नाही.

मंजुळा उठली. आत गेली, वाकली. टोपलीवर हात ठेवलाय.

उजवा.