श्वास रोखा, ताई

३ मार्च, मंगळवार

गोगलगाईनं आज पुन्हा भर चौकात गाडी बंद पाडली! मागं गाड्यांची रांग, सगळ्यांचे हॉर्न, आणि ही बाई स्टिअरिंगला असं घट्ट धरून बसलेली, जणू ते पळून जाणार आहे. म्हटलं, अगं, क्लच दाब, किल्ली फिरव, जग बुडत नाहीये. तर हिनं डोळे मिटले. चौकात! डोळे!

वीस वर्षं बायकांना गाडी शिकवतेय. रडणाऱ्या पाहिल्या, देवाचं नाव घेत ब्रेक दाबणाऱ्या पाहिल्या. एकीनं तर मला खाली उतरवून गाडी थेट स्वतःच्या घरी नेली होती. पण हिच्याइतकी हळू — कुणीच नाही. परवा एक सायकलवाले आजोबा आमच्या पुढं निघून गेले, वर जाताना टाटाही केला. तेव्हापासून मनातल्या मनात हिचं नाव गोगलगाय.

हिची नोकरी हॉस्पिटलात. बायकांच्या छातीचे एक्स-रे काढते, मॅमोग्राफीचे. शेवटी गाडी कडेला लावली, पाणी दिलं. पाणी पिता पिता विचारते, "मॅडम, तुमचं वय काय?"

"बाईचं वय आणि जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारू नये."

"पन्नाशी झाली असेल ना? तपासणी केलीत कधी?"

"आरशात बघ. मागून बस येतेय."

बस कुठली! रस्ता मोकळा होता.

५ मार्च

आज चढाचा धडा. चढावर गाडी थांबवायची आणि मागं न घसरता पुढं काढायची. ही दर वेळी घसरते. मध्येच पुन्हा तिची टुमणी सुरू — तपासणीला कधी येताय? मी माझी कारणं सांगितली. वेळ नाही. मी ठणठणीत आहे. आमच्या घरात कुणाला झालेलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या खोलीत येणाऱ्या निम्म्या बायका हेच सांगतात. ज्यांचं सापडतं, त्याही."

मी वैतागले. म्हटलं, "चढावर लागोपाठ तीनदा गाडी काढ. एक इंचही मागं जाता कामा नये. काढलीस तर येते!" वाटलं, विषय मिटला. आता हिचा आणि चढाचा जन्माचा झगडा चालू राहील आणि माझी सुटका.

बयेनं तीनदा काढली! लोण्यातून सुरी फिरावी तशी. मग माझ्याकडं वळून — "सोमवारी सकाळी या. काखेत पावडर, स्प्रे काही मारू नका."

गोगलगाय, पोटात पाय! आता बोलले ते बोलले. शेपूट घालता येत नाही.

७ मार्च

आईला सांगितलं. घरात आम्ही दोघीच — मी आणि ती. तिचं वय चौऱ्याहत्तर, जिभेचं चोवीस.

"दुखतंय का?"

"नाही."

"हाताला काही लागतंय?"

"नाही गं."

"मग उगाच कशाला उकरायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

म्हटलं, आई, गाडी बंद पडायच्या आधीच सर्व्हिसिंगला नेतात. तर म्हणते, "तू गाडी आहेस का? असतीस तर कधीच भंगारात काढली असती." आणि मग ते नेहमीचं — "आम्ही कुठं केलं असलं काही!"

९ मार्च, सोमवार

झालं! जिवंत आहे!

बाहेर बाकावर बायकाच बायका. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर, जणू सगळ्यांचं मिळून काहीतरी खाली सांडलंय. मी आपली पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचतेय. तिसऱ्यांदा. तेवढ्यात दार उघडलं आणि बघते तर — हीच का ती? पांढरा कोट, ताठ पाठ, आवाज असा खणखणीत! "या ताई. वरचे कपडे काढून हा झगा घाला." मॅडमची ताई झाले एका क्षणात.

मशीन माझ्याहून उंच. त्याला दोन पाट्या, बर्फासारख्या गार. हिनं मला उभं केलं, पाऊल इकडं, हनुवटी तिकडं, हात या दांड्यावर. मी शिकणारीचं सीट लावून देते ना, अगदी तसं.

"खांदा सोडा. किती घट्ट धरलाय!"

माझंच वाक्य! माझंच मला!

"आता दाबणार हं. थोडंच. श्वास रोखा, ताई."

वहीत पिंपळपान दाबून ठेवतात ना, तशी मी. दुखलं का? दुखलं. खोटं कशाला बोलू. पण दारात बोट चेमटतं त्याहून कमीच, आणि "आई गं" म्हणेपर्यंत पाटी वर. दोन्ही बाजूंना दोन-दोनदा. मी डोळे गच्च मिटले होते. कानाशी आवाज आला, "उघडा, जग बुडत नाहीये." मला असं हसू फुटलं! तर लगेच ओरडली — "हलू नका! फोटो हलेल!"

चहा गार व्हायला लागतो तेवढ्यात सगळं आटोपलं. एवढ्याशासाठी मी दहा वर्षं पळत होते? हात्तिच्या!

१३ मार्च

हॉस्पिटलातून फोन. "उजव्या बाजूला एक जागा नीट कळत नाहीये. पुन्हा बघावं लागेल. बहुतेक वेळा काही नसतं, घाबरू नका." घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतं.

संध्याकाळी गोगलगाय धड्याला आली. मी सरळच विचारलं, "तू पाहिलंस ना गं?"

"मॅडम, फोटो मी काढते. वाचतात डॉक्टर." आणि गाडी चालू केली. पण कोपऱ्यावर वळताना हात दाखवायला विसरली. कधी विसरत नाही.

१६ मार्च

आधी पुन्हा फोटो. मग अंधारी खोली, छातीवर गारेगार जेल, सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई पडद्यावर कितीतरी वेळ एकाच ठिकाणी थांबल्या. मला तिथं नुसते ढग दिसत होते. म्हणाल्या, "हा ठिपका मला आवडला नाही. सुईनं छोटा तुकडा घेऊन तपासू."

जागा बधिर केली. मग — टक्! स्टेपलर मारावा तसा आवाज. दुखलं काही नाही, पण मी अशी उडाले की त्यांनी काही बोलायच्या आधीच सॉरी म्हटलं. सुईला!

घरी येऊन आईला तो आवाज तोंडानं काढून दाखवला. हसली नाही. "सुई केवढी असते?" म्हणाली. म्हटलं, मी बघितलीच नाही, तिकडं बघायची हिंमत कुणाची!

१७ मार्च

आज एकीला "डावीकडे" म्हणताना उजवा हात दाखवला. ती बिचारी सरळ गेली.

२३ मार्च, सोमवार

आहे.

लिहून बघते. कॅन्सर. लिहिलं. कागद फाटला नाही, छत कोसळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढून घेतली आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. "लहान आहे. वाटाण्याहून लहान. तुमच्या काय, माझ्याही बोटांना लागला नसता."

"मग लागला कधी असता?"

"कदाचित वर्षानं, कदाचित दोन. पण तोवर तो तिथंच शहाण्यासारखा बसून राहिला असता, याची खात्री कोण देणार?"

सगळी छाती काढायची नाही. फक्त तेवढा भाग. काखेतल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासायच्या. मग किरणोपचार, मग रोज एक गोळी. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. अर्धं डोक्यावरून गेलं.

बाहेर आले तर गोगलगाय उभी. ड्यूटी केव्हाच संपली होती तिची. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि बाजूला बसले. तिनं मला घरी आणलं. पहिल्या गिअरमध्ये. अख्खा रस्ता. मागं हॉर्न वाजत होते, इंजिन ओरडत होतं, आणि मी एकदाही म्हटलं नाही, दुसरा टाक.

२४ मार्च

आईला सांगितलं. भयंकर चिडली. "बघायला गेलीस म्हणून सापडलं!"

"हो आई. तेच तर."

तडक स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी घासत होती. घासलेलीच भांडी.

३ एप्रिल

ऑपरेशन परवा झालं. आज घरी. चीर केवढीशी! मी मनानं कसला किल्ला पाडून ठेवला होता! नर्स सांगत होती, गुंगीत मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ओरडत होते — "आरसा बघा आधी, आरसा! मग गाडी मागं घ्या!" डॉक्टर म्हणे गंभीरपणे "हो मॅडम" म्हणाले.

आई वॉर्डात रोज सूप घेऊन यायची. मला एक वाटी, शेजारच्या खाटेवरचीला एक वाटी, आणि चादर नीट ताणत नाही म्हणून नर्सला एक व्याख्यान.

१० एप्रिल

रिपोर्ट आला! ग्रंथी स्वच्छ!! काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ! केमोही नको! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात."

म्हटलं, "आले कुठली! पैज हरले."

चढाची सगळी गोष्ट सांगितली. हसता हसता त्यांचा चष्मा घसरला. म्हणाल्या, अशा पैजा सगळ्या बायकांनी हराव्यात.

खाली येऊन गाडीत बसले आणि मग रडले. मनसोक्त. काचा वर करून.

५ मे

किरण चालू आहेत. रोज जायचं, हात वर करून पडायचं — पोलिसांनी पकडल्यासारखं — आणि घरी यायचं. दुखत नाही. कातडी लालसर झालीय, उन्हात फिरल्यासारखी. दुपारी दमायला होतं. पण सकाळचे धडे पुन्हा सुरू केले. घरात बसून आईच्या तोंडी लागण्यापेक्षा बरं!

आता माझी प्रश्नावली वाढलीय. पट्टा लावला? आरसा बघितला? सीट नीट? — आणि तपासणी केली? बायका आधी दचकतात, मग टाळतात. टाळण्याच्या सगळ्या वाटा मला ठाऊक. मीच तर पाडल्यात त्या! आज एक शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मला भीती वाटते हो." म्हटलं, "बाई, भीती तर गाडीचीही वाटत होती ना? तरी आलात. तसंच भीतीला सोबत घेऊन जा. ती बाहेर बाकावर बसेल."

आतापर्यंत तिघी जाऊन आल्या. दोघींचं काहीच नाही. तिसरीला पुन्हा बोलावलं, तिनं मला दिवसातून दहादा फोन केला. शेवटी साधी पाण्याची गाठ निघाली. मी तिच्यापेक्षा जोरात ओरडले.

१२ मे

गोगलगाय पास! परीक्षक गाडीतून उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "सुरक्षित चालवतात. फारच सुरक्षित." तिनं मला मिठी मारली, ती सुद्धा डाव्या बाजूनं, जपून. त्याच कामातली बाई ती, चुकणार कशी.

१५ मे, शुक्रवार

शेवटचा दिवस किरणांचा. संपलं!

तिथल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठं बघावं कळेना. गोळी चालू राहील, दर वर्षी फोटो काढायचा. काढू की! आता काय, ओळखीची खोली.

न्यायला गोगलगाय आली, बहिणीची गाडी घेऊन. चक्क तिसऱ्या गिअरपर्यंत गेली! माझे केस उडाले, मी ओरडले, "अगं हळू!" — आयुष्यात पहिल्यांदा तिला. दोघी इतक्या हसलो की कडेला थांबावं लागलं.

घरी केक. आईनं दोन तुकडे खाल्ले, वर गोगलगाईला विचारलं, "हिला खरंच येते का गं गाडी शिकवता?"

१६ मे, शनिवार

सकाळी आई चहा घेऊन आली आणि पलंगाच्या कडेला बसली. "तुझं संपू दे म्हणून थांबले होते," म्हणाली. माझा हात उचलून स्वतःच्या डाव्या छातीवर ठेवला. गाठ लागली. टणक. सुपारीएवढी.

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा गेलीस, त्याच्याही आधीपासून. दुखत नव्हतं गं."

गोगलगाईला फोन केला. डॉक्टरीणबाईंशी बोलून तिचा लगेच उलटा फोन — आत्ता घेऊन या.

रागवायला उभा जन्म पडलाय. आई चपला घालतेय. निघालो.